इथं कोणी उठवणार नाही

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. दुपारचे साडेतीन वाजले आणि वेंडेल क्राऊझ रोजच्या कामाला लागला. रोजचं काम म्हणजे रात्रीची जागा शोधणं. घर असलेल्या माणसाला दुपारी साडेतीनला हा प्रश्न पडत नाही. गाडीत राहणाऱ्याला मात्र ऊन कललं की दुसरं काही सुचत नाही. जागा फुकट हवी, आणि तिथं थांबणं कायद्यात बसायला हवं. शिवाय ती सपाट हवी, कारण उतारावर झोपलं की रात्रभर रक्त डोक्यात उतरतं आणि सकाळी माणूस दारू प्यायल्यासारखा उठतो.

गेले दहा महिने वेंडेल आणि त्याची बायको मार्लिस एका जुन्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये राहत होते. वेंडेल अडुसष्ट वर्षांचा होता. नेब्रास्कातल्या शाळांची बाकं आणि टेबलं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे व्हॅनच्या आतला पलंग, ओटा, कपाटं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं बसवलं होतं. एक फळी करकरत नव्हती. आता थंडीच्या आधी नेवाडा ओलांडून खाली अॅरिझोनाच्या वाळवंटात उतरायचं, असा त्याचा बेत होता. तिथं सरकारी माळरानावर चौदा-चौदा दिवस राहता येतं, कोणी हटकत नाही.

पण आजची रात्र मध्ये होती.

एका मोठ्या दुकानाच्या आवारात रात्रभर गाडी लावू देतात, असं त्याच्या फोनवर लिहिलेलं होतं. तो पोचला तर खांबावर नवी कोरी पाटी. पहारेकरी, पंचविशीतला जाडजूड पोरगा, खिडकीशी आला.

"काका, मागच्या महिन्यापर्यंत चालत होतं. आता नाही."

"का रे बाबा? काय घडलं?"

"एकानं इथंच शेगडी पेटवली. दुसऱ्यानं संडासाची टाकी त्या झुडपात ओतली."

"म्हणजे घाण त्यांनी करायची आणि वनवास आम्हाला."

"दहा वाजता मला सगळ्यांना उठवावं लागतं. मला का आवडतं ते? लोक शिव्या घालतात."

वेंडेल हसला. पोरगा सज्जन होता. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून मार्लिसनं मान पुढे काढली आणि अदबीनं विचारलं, "ड्रायव्हर, आपण पोचलो का?"

पहारेकऱ्यानं वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलनं नजर चुकवली.

"नाही अजून," तो म्हणाला. "थोडंच राहिलंय."

मार्लिसला तो कोण आहे हे आठवेनासं होऊन दोन वर्षं झाली होती. आधी किल्ल्या हरवल्या, मग नावं, मग एके दिवशी सकाळी तिनं त्याच्याकडे बघून पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि "तुम्ही कोण?" असं विचारलं. तेव्हापासून तो 'तुम्ही' झाला. चाळीस वर्षं अरे-तुरे करणारी, भांडताना ताटली आपटणारी बाई आता त्याच्याशी अनोळखी माणसाशी बोलावं तसं मर्यादेनं बोलायची. गाडीत असताना तो ड्रायव्हर, उतरल्यावर 'ते गृहस्थ'. हीच गोष्ट त्याला जास्त लागायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि ऑक्टोबरात ते घडलं होतं. एका गावात रस्त्याकडेला त्यांनी मुक्काम केला. रात्री दोनला पोलिसानं मुठीनं पत्रा बडवला. वेंडेल कागद शोधत असताना मार्लिस मागच्या दारानं अनवाणी पळाली, चार पदरी रस्ता ओलांडून. तीन तासांनी सापडली ती पलीकडच्या खड्ड्यात, गुडघे छातीशी घेऊन. मुलीला, लीनेटला, ते कळलं तेव्हा ती फोनवर रडली आणि मग एकदम शांत आवाजात म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं तर मी आईला घेऊन जाणार. संस्थेत ठेवीन. तुम्ही कोर्टात जा नाहीतर कुठेही जा."

म्हणून रात्री कोणी ठोठावणार नाही अशी जागा त्याला हवी होती. त्याची एवढीच मागणी होती.

आवारातच गाडी उभी करून तो फोन चाळू लागला. गाडीत राहणारी माणसं आपापल्या मुक्कामांबद्दल एका संकेतस्थळावर लिहून ठेवत असत. बासष्ट मैलांवर एक जागा दिसली. 'बिटरवेल. जत्रेचं मैदान. एक रात्र फुकट, गावाच्या ठरावानं परवानगी. सपाट खडी. हिवाळ्यात पाणी बंद. इथं कोणी उठवणार नाही.' खाली लोकांचे शेरे होते. एकानं लिहिलं होतं, 'शांत.' दुसऱ्यानं, 'शांत, पण मी पुन्हा थांबणार नाही.' कारण दिलं नव्हतं.

वेंडेलनं तो शेरा वाचला. मग मार्लिसचा पट्टा नीट लावला आणि गाडी सुरू केली.

बिटरवेलला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, वीसेक घरं आणि त्यापलीकडे करड्या झुडपांचं माळरान, डोंगरापर्यंत नुसतं पसरलेलं. मैदान गावाच्या टोकाला होतं. एका बाजूला गुरं बांधायच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडी, मधोमध झेंड्याचा खांब. खांबावर झेंडा नव्हता, नुसती साखळी होती, आणि वाऱ्यानं ती खांबावर आपटत होती. टण्ण... टण्ण. जुन्या गवताचा आणि शेणाचा वाळका वास होता. दुसरी एकही गाडी नव्हती. फाटकावर पाटी होती, फोनवर होतं तेच वाक्य, हातानं रंगवलेलं.

व्हॅन सरळ उभी राहते ना राहते तोच एक पिकअप ट्रक आला. आतून सत्तरीची एक काटक बाई उतरली. पुरुषी कोट, कानटोपी.

"मी बर्नाडीन योकम. मैदान मी बघते. किती जण?"

"दोघं."

"पाणी बंद. संडास उघडा आहे, पण दाराला कडी नाही, गाणं म्हणत बसा." मग तिनं खिडकीतून मार्लिसकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. "बाईंची तब्येत?"

"विसरते."

"हं." बर्नाडीननं कोटाच्या खिशात हात घातले. "एक सांगते. रात्री कोणी ठोठावलं तर उघडायचं नाही."

वेंडेल खिडकीतून बाहेर वाकला. "अहो, पण पाटीवर तर तुम्हीच लिहिलंय..."

"खरंच लिहिलंय. या गावात थांबलेल्या गाडीवर कोणी हात मारत नाही. शेरीफचे पोलीससुद्धा नाहीत. तसा ठरावच आहे."

"मग ठोठावणार कोण?"

"म्हणूनच सांगते, उघडायचं नाही."

ती जायला वळली. वेंडेल खाली उतरला आणि तिच्या मागोमाग गेला. "बाई, माझी बायको ठोठावण्याला घाबरते. गेल्या महिन्यात ती पळून गेली होती. काय आहे ते मला नीट सांगा, नाहीतर मी आत्ता निघतो."

"कुठे निघता? घाटात बर्फ पडतंय." बर्नाडीननं ट्रकच्या दाराला हात लावला, पण उघडलं नाही. "नऊ वर्षांपूर्वी इथं थांबायला बंदी होती. जानेवारी महिना. एक बाई आली, एकटीच, जुन्या गाडीत राहून देशभर हिंडणारी. इथं गाडीतच झोपली होती. पोलिसानं काच ठोठावली, निघा म्हणाला. ती म्हणाली, सकाळपर्यंत राहू द्या, उजाडलं की निघते. त्यानं नाही म्हटलं. गेली बिचारी. घाटात गाडी बर्फात रुतली. ऊब राहावी म्हणून तिनं इंजिन चालू ठेवलं आणि मागची नळी बर्फानं बुजलेली. धूर सगळा आत. दोन दिवसांनी सापडली. तिला न्यायला कोणी आलं नाही. इथंच पुरली."

"आणि तो पोलीस?"

"माझा नवरा." ती ट्रकमध्ये बसली. काच थोडी खाली केली. "वाईट नव्हता हो तो. कायदा होता, त्यानं पाळला. पण नंतर झोपला नाही कधी. शेवटी शेवटी तर रात्रभर दाराशीच बसून असायचा. उघडू नका म्हणजे झालं. ती काही करत नाही. फक्त विचारते."

ट्रकचे लाल दिवे फाटकाबाहेर गेले. अंधार आता पुरता पडला होता.

वेंडेलनं डब्यातला घेवड्याचा रस्सा गरम केला, मक्याचा पाव कापला. मार्लिसनं नीट जेवण केलं. रुमालानं तोंड पुसून ती म्हणाली, "छान होतं हं. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको असते," वेंडेल म्हणाला.

"तिला सांगा, स्वयंपाक शिकवलाय चांगला."

ऑक्टोबरपासून त्यानं दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी एक जाड कडी बसवली होती. ती त्यानं घातली. मग आंघोळीच्या झग्याचा कापडी पट्टा काढला, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. हेही रोजचंच होतं. झोपेत ती उठली की पट्टा ओढला जायचा आणि त्याला जाग यायची. त्यानं हीटर बंद केला, पडदे सारले, दिवा मालवला.

बाहेर साखळी वाजत होती. टण्ण... टण्ण. तिच्या तालावर त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा किती वाजले होते कोण जाणे. साखळी वाजत नव्हती. वारा पडला होता. गाडीत गारठा इतका होता की नाकातून श्वास घेतला की टोचायचा. आपण का जागे झालो, हे त्याला क्षणभर कळेना.

मग मागच्या दारावर आवाज आला. टक... टक... टक.

पोलिसाची मूठ नव्हती ती. बोटाच्या पेरानं, हलकेच. शेजारीण दुपारच्या वेळी साखर मागायला यावी तशी. वेंडेल निपचित पडून राहिला. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मार्लिसचा श्वास संथ चालू होता.

टक... टक. आता बाजूच्या दारावर. खडीवर पाऊल वाजलं नव्हतं. एक वास मात्र आत शिरत होता... थंड पडलेल्या इंजिनाचा, जळक्या तेलाचा, आणि ओल्या लोकरीचा.

मग त्याच्या उशापाशी. पत्र्याच्या पलीकडे, कानापासून हातभर अंतरावर. टक.

"अरे... उघड ना."

वेंडेलच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज मार्लिसचा होता. आत्ताचा नव्हे. आधीचा. जरा भरडा, थोडा वैतागलेला, शेवटचा शब्द ओढणारा.

"ए म्हाताऱ्या. झोपलास का?"

सव्विसाव्या वर्षी त्याला टक्कल पडलं, तेव्हापासून ती त्याला म्हाताऱ्या म्हणायची. लोकांसमोर, चर्चमध्ये, लीनेटच्या लग्नातसुद्धा. दोन वर्षांत ही हाक त्याच्या कानावर आली नव्हती. नको ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कोण आहे?"

"कोण आहे म्हणे! चाळीस वर्षं याचे मोजे शोधून दिले, आणि हा विचारतोय कोण आहे." पत्र्यापलीकडे हसल्यासारखं झालं. "संडासाला उतरले होते रे. तू आतून कडी घातलीस. बाहेर बर्फ व्हायला आलेय मी."

"मार्लिस इथे आहे," तो कुजबुजला. "माझ्याजवळ आहे."

"वेंडेल..." आवाज खाली आला, अगदी कानात बोलल्यासारखा. "तुझ्या हाताला कोण बांधलंय ते बघ तरी."

त्यानं अंधारात पट्टा चाचपला. बोटांनी गाठीपासून पुढे, पुढे... मनगट लागलं. थंडगार होतं. श्वासाचा आवाज थांबला होता. त्यानं विजेरी लावली.

मार्लिस उताणी पडली होती. डोळे टक्क उघडे. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात ओळखीची एक रेघ नव्हती.

"तिला विचार," बाहेरून आवाज आला. "तुझं नाव विचार तिला."

"मार्लिस," तो म्हणाला. "माझं नाव काय?"

तिनं मनापासून विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "माफ करा हं," ती म्हणाली. "तुम्ही ड्रायव्हर ना?"

"वेंडेल युजीन क्राऊझ," पत्र्यापलीकडून उत्तर आलं. "शाळेच्या स्वयंपाकघरात टेबलाचा पाय बसवायला आला होतास. मी बघतेय म्हणून ऐटीत हातोडा मारलास आणि बोट ठेचून घेतलंस. मी बर्फाचं पाणी आणलं तर म्हणालास, दुखत नाही. डोळ्यांतून घळघळा पाणी... आठवतं? मला आठवतं रे. सगळं आठवतं. उघड."

वेंडेल रडत होता. बर्नाडीनचं बोलणं त्याच्या पूर्ण ध्यानात होतं. बाहेर कोण उभं आहे हेही त्याला बहुतेक कळलं होतं. पण मार्लिसच्या डोक्यातून जे जे गेलं ते कुठेतरी गेलंच असणार ना... आणि ते सगळं आता इथं, पत्र्यापलीकडे थंडीत उभं होतं आणि आत येऊ का म्हणून विचारत होतं. त्याला ते हवं होतं. कोणत्याही वाटेनं आलं तरी हवं होतं.

तो उठला. दाराशी गेला. हात वर करून कडीला बोटं लावली. लोखंड इतकं गार होतं की कातडी चिकटली.

मनगटाला हिसका बसला. पट्टा संपला होता. त्यानं मागे पाहिलं. मार्लिस पलंगावर उठून बसली होती आणि पट्ट्याचं आपल्याकडचं टोक तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पांढरे केस विस्कटले होते.

"कुठे चाललात?" ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं कडीवरचा हात काढला. कातडीचा पापुद्रा तिथंच राहिला.

"नाही," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण मला हिला झोपवायचंय."

तो पलंगावर येऊन बसला, तिला कवेत घेतलं. आणि मग पत्र्यापलीकडून पुन्हा आवाज आला, पण तो मार्लिसचा नव्हता. कुणा दुसऱ्याच बाईचा होता. बसका, दमलेला, बोलून बोलून झिजलेला.

"मग मी कुठे जाऊ?... फक्त सकाळपर्यंत हो... उजाडलं की निघते... कुठे चालतं ते तरी सांगा... कोणी थांबू देत नाही... टक... टक..."

शेवटचं ठोठावणंसुद्धा ती तोंडानंच करत होती. वेंडेलनं कानांवर हात दाबले.

"कोण आहे हो ती?" मार्लिसनं विचारलं.

"कोणी नाही. झोप तू."

"असं कसं कोणी नाही? गारठली असेल बिचारी."

"मार्लिस, नको..."

पण तिनं तळहात पत्र्यावर ठेवला होता, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. आणि पाहुण्याला म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली, "ये गं बाई. सरकते मी."

ती खरंच सरकली. वेंडेलच्या अंगाशी आली आणि भिंतीकडे एका माणसापुरती जागा केली.

त्या क्षणी सगळं थांबलं. ठोठावणं थांबलं, बोलणं थांबलं. जळक्या तेलाचा वास एकदा जोरात आला, डोळे चुरचुरावेत इतका, आणि निघून गेला. मार्लिसनं एक लांब उसासा टाकला, आडवी झाली आणि लगेच झोपली. वेंडेल मात्र विजेरी हातात धरून उजाडेपर्यंत बसून होता. दाराची कडी जागची हलली नव्हती. हे त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं.

सकाळी मैदानावर गोठलेलं दहिवर पसरलं होतं, मिठासारखं. खडीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तो काच खरवडत असताना बर्नाडीनचा ट्रक आला. ती उतरली नाही.

"उघडलं नाहीत ना?"

"नाही."

"मला माझ्या घराच्या खिडकीतून ऐकू येतं," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "कोणी मुक्कामाला असलं की ती उजाडेपर्यंत असते. काल मध्येच थांबली. नऊ वर्षांत असं कधी झालं नाही. का थांबली?"

"मला काय माहीत," वेंडेल म्हणाला.

बर्नाडीननं त्याच्या खांद्यावरून व्हॅनच्या पुढच्या काचेकडे पाहिलं. मार्लिस तिथं सीटवर बसून होती आणि बर्नाडीनकडे एकटक बघत होती. बर्नाडीननं ट्रक मागे घेतला, तोही इतक्या घाईनं की फाटकाच्या खांबाला घासला.

त्या दिवशी दुपारी, दीडशे मैल दक्षिणेला, वेंडेल गाडी चालवत असताना शेजारून आवाज आला, "वेंडेल, तुझी कॉफी सांडेल बघ."

त्यानं गाडी रस्त्याकडेला घेतली. स्टीअरिंगवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला. मार्लिस त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. संध्याकाळी तिला लीनेटचं नाव आठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोनवर लीनेटशी गप्पा मारल्या, नातवाच्या दातांची चौकशी केली, आणि पलीकडे लीनेटला बोलवेना. "बाबा, हे कसं झालं? औषध बदललं का?" वेंडेल म्हणाला, हवा मानवली असेल. कोरडी हवा आहे इकडे. असं होतं म्हणतात कधी कधी.

रात्री मात्र तो तिच्याकडे पाठ करून झोपत नव्हता. पट्टा बांधायची आता गरज नव्हती, तरी बांधत होता. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी ते अॅरिझोनात शिरले. मुक्कामासाठी त्यानं हेरून ठेवलेल्या सरकारी माळरानाचा रस्ता पुरानं वाहून गेला होता आणि त्यावर साखळी लावलेली होती. ऊन गेलं होतं. फोन लागत नव्हता. दोन्ही बाजूंना काटेरी तारा, त्यांवर दर शंभर पावलांवर पाटी, 'थांबू नका'. वेंडेलला घाम फुटला. अंधारात, थांबायला बंदी असलेल्या रस्त्यावर, पुन्हा एखादी मूठ पत्र्यावर... नको. तो हळूहळू गाडी हाकत राहिला.

"पुढं दोन मैलांवर पाण्याची टाकी येईल," मार्लिस म्हणाली. ती समोर बघत होती. "तिच्या अलीकडून डावीकडे घे. रस्ता खाली उतरताना खराब वाटेल. घाबरू नकोस, खाली चांगला आहे."

वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं. मार्लिस नेब्रास्कात जन्मली होती, तिथंच वाढली होती. या जानेवारीत निघेपर्यंत तिनं पश्चिमेकडचा डोंगर ओलांडला नव्हता, आणि अॅरिझोनात ते आजच पहिल्यांदा शिरले होते.

"तुला कसं माहीत?"

"घे ना रे. अंधार झालाय."

टाकी आली. तिच्या अलीकडे डावीकडे एक मातीची वाट होती, दिव्यांच्या उजेडातही सहज न दिसणारी. गाडी धडधडत खाली उतरली आणि एकाएकी चाकांखालचा आवाज बदलला. सपाट खडी. कोरड्या ओढ्याकाठी तीन मोठी झाडं, आणि त्यांच्याखाली सरकारची तपकिरी पाटी. मुक्कामाला परवानगी, चौदा दिवस. वेंडेलच्या फोनमध्ये ही जागा नव्हती, त्याच्या कागदी नकाशातही नव्हती.

त्यानं गाडी थांबवली. मार्लिस दार उघडून खाली उतरली. तिला विजेरी लागली नाही. अंधारात ती सरळ मधल्या झाडापाशी गेली, बुंध्यामागे वाकली आणि एक चपटा दगड घेऊन आली. पुढच्या उजव्या चाकाखाली तिनं तो पायानं सारला, दोनदा टाच मारून बसवला.

"इथं हे चाक खाली जातं," ती म्हणाली. "जरा पुढे घे गाडी. हां. आता सरळ झाली."

इंजिन बंद करून वेंडेल खाली उतरला. चहूकडे चिडीचूप होतं, ओढ्यातून गार हवा येत होती, आणि बायको हात झटकत समोर उभी होती, चाळीस वर्षांच्या ओळखीचं हसू तोंडावर घेऊन.

"मार्लिस," तो म्हणाला, "आपण इथं कधी आलो होतो?"

तिनं जरा विचार केला. खरंच आठवून बघत असल्यासारखा.

"आपण नाही," ती म्हणाली, आणि अंथरूण घालायला आत गेली.